दार लावण्याआधी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर महाड-पोलादपूर भागातल्या मुलांना विज्ञान शिकवलं. त्यांच्या स्मृतीसाठी मी रोजच्या जगण्यातला विषय निवडला आहे. बाहेरची हवा बिघडलेली असताना घरातली हवा चांगली कशी ठेवायची, हा तो विषय. हा प्रश्न दिल्लीचा, फार तर मुंबईचा समजला जातो. चाकरमानी तर हवा बदलायलाच गावी येतात. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला ही चिंता कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी बाहेर बघू.

पौष-माघात सकाळी सातच्या सुमाराला रायगडाच्या कड्यावर उभं राहिलं की खाली दरीत एक करडा थर पसरलेला दिसतो. त्याची वरची कड बहुतेक वेळा अगदी सरळ असते. आंबेनळी घाटाच्या वळणांवरून सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहिलं तरी तेच दृश्य. बघणारा त्याला धुकं म्हणतो, आणि त्यात धुकं असतंच. पण त्यात घरोघरच्या चुलींचा आणि न्हाणीतल्या बंबांचा धूर असतो, रात्री पेटवून दिलेल्या पातेऱ्याचा धूर असतो, महामार्गावरच्या ट्रकांचा धूर आणि धूळ असते, आणि बिरवाडीच्या बाजूच्या कारखान्यांतून निघालेले वायूही असतात.

हे सगळं तिथेच का साचतं? थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि डोंगरउतारांवरून दरीत उतरते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो थर खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. रात्री दहाला निघालेला धूर पहाटे पाचलाही गावातच असतो. नऊ-दहा वाजता ऊन जमिनीला लागलं की हे झाकण सुटतं. दुपारी बाणकोट खाडीकडून खारा वारा खोऱ्यात शिरतो, हवा ढवळून निघते आणि दिवसातली सर्वांत चांगली हवा आपल्याला दुपारी मिळते. दिवेलागणीनंतर वारा पडतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं.

बिरवाडीच्या बाजूची ही औद्योगिक वसाहत महाड शहराच्या पूर्वेला आहे. रात्री गार हवा पूर्वेच्या डोंगरांकडून उताराने पश्चिमेला सरकते आणि दुपारी खाडीकडून उलट येते. त्यामुळे शहरातल्या माणसाला रात्री अकराला उग्र वास आला आणि दुपारी दोनला आला नाही, तर त्याला भास झाला असं कुणी म्हणू नये. धुराड्यातून दिवसरात्र सारखंच काही निघत असलं तरी दरीच्या रचनेमुळे ते रात्री अधिक जाणवेल. रात्री खरोखरच जास्त सोडलं जातं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तपासण्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे.

हिवाळा सरला की वणवे सुरू होतात. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचं वाळलं गवत पेटतं आणि दिवसेंदिवस पेटतच राहतं. मग भाजावळ. कवळ तोडायचा, पातेरा, गवत, शेण पसरून राब भाजायचा आणि त्या राखेत तरव्याचं भात पेरायचं, ही शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तण जळतं, माती भुसभुशीत होते, रोपं जोमदार येतात. भाजावळ करणाऱ्याला दोषी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. पण ती सकाळी लवकर पेटवली तर धूर गावात बसतो आणि दुपारी वारा सुटल्यावर पेटवली तर ठिणगी डोंगराला लागते. ऊन चढल्यावर, वाऱ्याला जोर येण्याआधी, भोवतालचं गवत साफ करून आणि एका वेळी थोडीच भाजली तर दोन्ही टळतं. जाणते शेतकरी असंच करतात.

आता घरात येऊ.

धूर म्हणजे डोळ्यांना दिसतो तेवढाच नव्हे. त्यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन, यावरून त्यांच्या बारीकपणाचा अंदाज करा. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तात उतरतात. आपल्या देशाचं २००९ चं मानक सांगतं की चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाच आकडा १५ वर आणला. ओल्या लाकडाची चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात त्या तासाभरात हा आकडा शेकड्यांत नव्हे, हजारांत जाऊ शकतो.

कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मोजयंत्रं लावली आणि त्या प्रत्यक्ष किती धूर श्वासात घेतात ते मोजलं. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि शहरातला रस्ता, अशीच समजूत होती. स्मिथ यांनी पुढे एक ढोबळ नियम मांडला. घराबाहेर सोडलेल्या एक ग्रॅम धुरापेक्षा घरात सोडलेला एक ग्रॅम धूर कुणाच्या तरी छातीत जाण्याची शक्यता साधारण हजारपट असते. बाहेरचा धूर विरतो, वर जातो, पसरतो. घरातला धूर चार भिंतींत आणि चार माणसांत वाटला जातो.

आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या हजारपटीतून निघतं. बाहेरची हवा वाईट आहे म्हणून दारं-खिडक्या लावून घेण्याचा सल्ला आपण ऐकतो. पण आत चूल धुमसत असेल, मच्छर अगरबत्ती जळत असेल, शेगडी पेटलेली असेल, तर दार लावणं म्हणजे कमी विषातून जास्त विषात जाणं. दार लावण्याआधी आतला विस्तव आणि आतला धूर यांचा बंदोबस्त करायचा. हा क्रम उलटला की चांगल्या हेतूने केलेला उपाय अपाय ठरतो.

चुलीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ती ज्यांच्या वाट्याला येते त्यांना व्यासपीठावर बोलायला फारसं मिळत नाही. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत गॅस पोचलेला आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि देशभरात दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे मोठं काम आहे, यात शंका नाही. पण जोडणी मिळणं आणि टाकी पुन्हा भरून आणणं यांत फरक आहे. रस्ता संपतो तिथून टाकी खांद्यावर न्यायची, तिचे पैसे मोजायचे, आणि रानात लाकूड तर फुकट आहे. म्हणून चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी बंबात, अशी वाटणी घरोघर असते. या वाटणीत सासू-सुनेला नावं ठेवण्यासारखं काही नाही. घरातल्या पैशाचा तो त्यांनी काढलेला हिशेब आहे.

त्या हिशेबात मी एवढंच सुचवीन. घरातलं बरंच लाकूड पाणी तापवायला लागतं. पाण्याची चूल घराबाहेर काढता येते. परसात, आडोशाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ती गेली की घरातला बराच धूर एका दिवसात कमी होतो आणि खर्च काहीच येत नाही. दुसरं, वर्षाला तीन-चारच टाक्या परवडत असतील तर त्या पावसाळ्यासाठी आणि थंडीसाठी राखा. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं आणि ओलं लाकूड सर्वांत जास्त धुरतं. थंडीत बाहेरची हवा आधीच साचलेली असते. चैत्र-वैशाखात कोरडं लाकूड आणि उघडी पडवी असते, तेव्हा चुलीचा त्रास त्यामानाने कमी होतो. अगोटीच्या बेगमीत मिठा-मिरचीबरोबर सुकं, फोडलेलं लाकूड माळ्यावर चढवणाऱ्या आपल्या आज्या हे जाणून होत्या. काजूच्या बियांची टरफलं मात्र घरातल्या चुलीत घालू नयेत. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार जाचतो.

सुधारित चुलींचाही एक इतिहास आपल्याकडे आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. महाराष्ट्रात पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा चुलींवर बरंच काम केलं. अनेक गावांत त्या चुली काही वर्षांत मोडल्या किंवा त्यांची धुराडी काजळीने बुजली आणि कुणी साफ केली नाहीत. त्यातून माझा निष्कर्ष असा की चूल कोणतीही असो, तिच्यावर धूर बाहेर नेणारं धुराडं हवं आणि ते महिन्यातून एकदा झटकलं पाहिजे. धुराडं शक्य नसेल तर चुलीवरचं एक कौल उचलून ठेवा आणि समोरासमोर दोन वाटा हव्यात, एक हवा यायला आणि एक धूर जायला. एकाच खिडकीने हे होत नाही.

पुण्याचे छातीचे डॉक्टर संदीप साळवी यांनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांना धूम्रपान करणाऱ्यांसारखा श्वसननलिका कायमच्या आकसण्याचा आजार होतो, त्याबद्दल तो लेख होता. जगात सुमारे एक अब्ज माणसं तंबाखू ओढतात आणि सुमारे तीन अब्ज लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वावरतात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. आपल्या गावातल्या साठीच्या बाईला दोन पायऱ्या चढून दम लागला तर आपण ‘वय झालं’ म्हणतो. तिने चाळीस वर्षं फुंकणी फुंकली आहे, हे तिच्या केसपेपरवर लिहिलं जात नाही. ते लिहा असं डॉक्टरांना सांगा. त्यावरून तपासणी बदलते, औषध बदलतं.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलायला हवं. खोली बंद करायची, खाटेखाली निखारे ठेवायचे, ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, बाळाच्या अंगाभोवतीही धुरी फिरवायची, ही माया आहे, मी ती पाहिलेली आहे. पण पंधरा दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसाला त्या धुरात औषध आणि विष निवडता येत नाही. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो झोपेतच मारतो. हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी शेगडी ठेवून दार लावण्याबद्दलही हेच. शेक द्या, गरम पाण्याच्या पिशवीने द्या, तव्यावर गरम केलेल्या फडक्याने द्या. ओव्याचा काढा द्या. जळता विस्तव मात्र बंद खोलीत ठेवू नका.

मच्छर अगरबत्तीचंही सांगते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. खाडीकाठच्या, भातखाचरांच्या या भागात मच्छर आहेत, हिवताप-डेंग्यूची भीती खरी आहे, त्यामुळे काहीच करू नका असं मी म्हणणार नाही. मच्छरदाणी लावा. खिडक्यांना जाळी लावा. मुलांच्या खोलीत रात्रभर कॉइल नको. देवापुढची उदबत्ती एक पुरे, आणि ती विझेपर्यंत खिडकी उघडी असू द्या.

आतला धूर असा आवरला की मग दार-खिडक्यांची वेळ ठरवण्याला अर्थ येतो. आपली रीत अशी की सकाळी उठल्याबरोबर सगळं घर उघडायचं. उन्हाळा-पावसाळ्यात ती रीत उत्तम आहे. पण मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत, करडा थर दरीत बसलेला असताना, पहाटे पाचला खिडकी उघडणं म्हणजे रात्रभर साचलेली हवा आत घेणं. त्या दिवसांत ऊन अंगणात येऊ द्या, मग उघडा. अकरा ते चार घर सताड उघडं ठेवा, अंथरुणं उन्हात टाका. दिवेलागणीला दार उघडं ठेवण्याची आपली श्रद्धा आहे. दिवा लावा, शुभंकरोती म्हणा आणि मग दार लावून घ्या. पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी, विशेषतः दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, हे दोन-तीन महिने फिरण्याची वेळ साडेनऊनंतर ठेवावी. महामार्गालगतच्या घरांनी रस्त्याकडच्या खिडक्या बंद आणि परसाकडच्या उघड्या, असा भेद करावा. केर कोरडा काढू नका. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात या गावांनी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली आहे. केरसुणीने उडवलेली धूळ तासन्‌तास हवेत राहते, ओल्या फडक्याने पुसलेली राहत नाही.

घर कसं आहे यावरही बरंच ठरतं. कौलारू घर श्वास घेतं. कौलांच्या फटींतून, भिंत आणि छपराच्या मधून हवा सतत येत-जात असते. त्यामुळे त्यात धूर कमी कोंडतो, हा मोठा गुण. पण बाहेरची हवा वाईट असताना ते घर बंद करताच येत नाही. त्यात हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. स्लॅबच्या घराचं उलट आहे. ते बंद होतं, आणि आत काही जळत असेल तर कोंडतंही तितकंच. बंद खिडकीच्या फटींतूनही बाहेरचे सूक्ष्म कण बऱ्याच प्रमाणात आत येतातच, फक्त उशिरा आणि काहीसे कमी.

यंत्रांबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. स्लॅबच्या घरात, दम्याचं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस झोपतं त्या एका खोलीसाठी यंत्र घेण्यात अर्थ आहे. अशा यंत्रातली हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता तासाला १७० घनमीटर हवी. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचून घ्या, बाकीच्या जाहिरातीकडे बघू नका. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, ओझोन स्वतःच फुप्फुसाला इजा करतो. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून साध्या पंख्याला गाळण्या जोडून घरी बनवायची पेटी निघाली आणि ती चांगली चालते असं मोजमापांत दिसलं. आपल्या हायस्कूलच्या मुलांनी ती विज्ञान प्रदर्शनासाठी जरूर करावी. कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग लहान बंद पेटीतला होता. पुढच्या पडताळणीत दिसलं की उघड्या खिडकीइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील. तुळस लावा, ती तुळस आहे म्हणून लावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. कण अडवणारी गाळणी वायू अडवत नाही. कारखान्याचा वास, सडक्या अंड्यासारखा असो की डोळ्यांना झोंबणारा, हेपातून सरळ आरपार जातो. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, तोही भरपूर. घरगुती यंत्रांतला पातळ थर काही दिवसांत भरून जातो. वायूच्या बाबतीत घराजवळ दोनच खरे उपाय आहेत, थोड्या वेळासाठी दार बंद करणं आणि कायमसाठी तो वायू सुटण्याची जागा बंद करणं.

थोड्या वेळासाठी दार बंद करण्याचं शास्त्र बिरवाडी, नडगाव, जिते, कांबळे या भागातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट आणि आग होऊन ११ कामगारांचे जीव गेले. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमध्ये कारखान्यातून विषारी वायू सुटला त्या रात्री हजारो माणसं घरातून उठून पळाली, आणि पळताना वायूच्याच ढगातून धापा टाकत गेली. वायू सुटल्याची सूचना मिळाली आणि बाहेर पडायला सांगितलेलं नसेल, तर घरात राहा. चूल, गॅस विझवा. पंखे, एक्झॉस्ट, एसी बंद करा. दार-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबा. जुन्या घरात माजघर सर्वांत बरं, कारण त्याला बाहेरची खिडकी नसते आणि वर माळा असतो. क्लोरिन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून स्लॅबच्या घरात वरचा मजला बरा. तोंडावर ओला कपडा धरल्याने पाण्यात विरघळणारे वायू थोडेफार अडतात, सूक्ष्म कण अडत नाहीत. मोकळ्यावर सापडलात तर वायूबरोबर धावू नका, वाऱ्याला आडवे जा. वास येईनासा झाला म्हणजे संकट टळलं असं धरू नका. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. आणि ढग निघून गेल्याची सूचना मिळाली की ताबडतोब सगळं घर उघडा. बंद घरात जे थोडं शिरलेलं असतं ते बाहेरच्या मोकळ्या हवेपेक्षा जास्त वेळ टिकतं. दार लावण्याइतकंच ते वेळेवर उघडणंही महत्त्वाचं आहे.

रासायनिक अपघातांसाठी १९९६ चे नियम आहेत. त्यांत जिल्हा आणि स्थानिक आपत्ती गटांची तरतूद आहे. भोवतीच्या लोकांना काय करायचं ते आधी सांगणं हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. कारखान्याचा धोक्याचा भोंगा कसा वाजतो, किती वेळ वाजतो, वाजल्यावर कुठे जायचं, हे आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं का, हे आज रात्री विचारून पाहा.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या घराघरांत चिखल शिरला. पाणी ओसरलं, पण भिंतींत ओल राहिली आणि ओलीत बुरशी आली. बुरशीचे बीजाणूही श्वासात जातात आणि दमा चाळवतात. भिजलेल्या गाद्या वाळवून पुन्हा वापरू नका आणि अंगणात जाळूही नका, त्यातला फोम फार विषारी धूर करतो. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय तेलरंग देऊ नका. चुन्याचा हात द्या, चुन्यावर बुरशी सहज धरत नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, हे मोठ्या संस्थांचं काम, आपण खेड्यातली माणसं काय करणार? याचं उत्तर याच मातीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी विंचू चावून माणसं सर्रास मरत होती, गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप यांची तासातासाची नोंद ठेवली. त्या नोंदींतून प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपचार पुढे आला, मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं आणि बिरवाडी-महाडचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तासातासाची नोंद हे त्या यशाचं मूळ आहे. हवेची तशी नोंद आपल्याला ठेवता येईल. सूक्ष्म कण मोजणारं छोटं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं. दमट हवेत ते जास्त आकडा दाखवतं, म्हणून पावसाळ्यातल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. थंडी-उन्हाळ्यात मात्र एका शाळेने सकाळ-दुपार-रात्र आकडे फळ्यावर आणि वहीत लिहिले, शेजारी वास आला का, धूर दिसला का, वारा कुठला, हे लिहिलं, तर त्या वहीला तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत कुणी नाकारू शकणार नाही.

घरातल्या उपायांनाही मर्यादा आहे. ज्याच्याकडे स्लॅब आहे, पैसे आहेत, त्याने एक खोली शुद्ध करून घेतली आणि बाहेरच्या हवेचा विषय सोडून दिला, तर तो शेजारच्या कौलारू घराला एकटं टाकतो. महाड हे गाव असं करू शकत नाही. इथल्या नगरपालिकेने सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता, अस्पृश्य मानलेल्यांना तळं बंदच होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ज्या वस्तूवाचून माणूस जगत नाही तिच्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे त्या दिवशी इथे सांगितलं गेलं. १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. १९८१ चा हवा कायदा त्याच्याही आधीचा आहे. म्हणजे कायदा आहे, न्यायालयाचं वचन आहे. आता ते गावाने वापरायला हवं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. त्या सभेला जा. चुलीचा धूर, धुराडी, टाकी वाडीपर्यंत पोचवण्याची सोय हे विषय तिथे मांडा, आणि मग ग्रामसभेत शाळेसाठी हवा मोजण्याचं यंत्र, भोंग्याची रंगीत तालीम आणि रात्रीच्या वासाच्या तक्रारींची नोंदवही हे तीन ठराव करून घ्या. ठरावाची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एक तहसीलदारांना द्या, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचं काय झालं ते विचारा.